नावाआधीचा हुद्दा

गोव्याच्या राजकारणात माणूस मोठा झाला की लोक त्याच्याशी नातं जोडतात. दयानंद बांदोडकर भाऊसाहेब झाले, शशिकला काकोडकर ताई झाल्या, मनोहर पर्रीकर भाई झाले. प्रतापसिंह राणे तर सत्तरी तालुक्याचे खाशेच. 2024 मध्ये दक्षिण गोव्याने ज्यांना लोकसभेवर पाठवलं त्यांच्या नावाआधी मात्र हुद्दा आहे. कॅप्टन विरियातो फर्नांडिस. नौदलातले माजी अधिकारी, कारगिल युद्धाच्या काळात सेवेत असलेले, पुढे मुरगाव बंदरातला कोळसा, रेल्वेचं दुपदरीकरण, जमिनी या प्रश्नांवर रस्त्यावर उतरलेले. 2022 मध्ये ते दाबोळीतून विधानसभेला उभे राहिले आणि माविन गुदिन्हो यांच्याकडून हरले. दोन वर्षांनी काँग्रेसने विद्यमान खासदार फ्रान्सिस सार्दिन यांना बाजूला ठेवून त्यांना तिकीट दिलं आणि भाजपच्या पल्लवी धेंपे यांना 13,535 मतांनी हरवून ते दिल्लीला गेले.

त्यांच्या कामाचा हिशेब मांडायला अजून वेळ आहे, मुदत संपलेली नाही. मला बोलायचंय ते आपल्याबद्दल. गोव्यात मराठी वाचणाऱ्या, भजनी सप्ताहात उभ्या राहणाऱ्या, वास्को-फोंडा-वाळपई-पेडण्यात राहणाऱ्या आपल्या माणसांनी फौजेतून राजकारणात आलेल्या माणसाकडे कसं बघावं? माझं म्हणणं सरळ आहे. हुद्दा पाहून मत देऊ नये, आणि हुद्दा असलेल्याकडून किंवा नसलेल्याकडून निष्ठेचा दाखलाही मागू नये. गोव्यातल्या मराठी माणसाने तर मुळीच मागू नये. त्याचं कारण पुढे येईल.

त्या प्रचारात वास्कोच्या बाजारात भाजी-पावच्या टेबलावर ऐकलेला एक प्रश्न अजून कानात आहे. एक म्हातारे गृहस्थ पत्रक उलटसुलट करत शेजाऱ्याला विचारत होते, ‘‘कॅप्टन म्हळ्यार खंयचो रे? नेव्हीचो, काय तारवार आसलेलो?’’ शेजारी म्हणाला, ‘‘नेव्हीचो.’’ म्हाताऱ्यांनी पत्रक घडी करून खिशात टाकलं आणि म्हणाले, ‘‘मागीर जाता. पूण तो आमचो काय तांचो?’’

आमचा की त्यांचा. वास्कोत हा प्रश्न ज्या अर्थाने विचारला जातो तो बाहेरच्या माणसाला पटकन कळायचा नाही. पुण्या-साताऱ्याकडे फौजी म्हणजे गावचा पोरगा. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे. सिंधुदुर्गात घराघरात कुणी ना कुणी सैन्यातून निवृत्त झालेला. तिथे गणवेश घरातल्या खुंटीवर असतो. वास्कोत गणवेश कुंपणाच्या पलीकडे आहे. 1961 नंतर दाबोळीचा पोर्तुगीज विमानतळ नौदलाकडे गेला, 1964 मध्ये आयएनएस हंसा तिथे आली, आणि तेव्हापासून हे शहर आणि नौदल शेजारी म्हणून राहतात. शेजाऱ्यांचं असतं तसंच आहे हे. दामोदराच्या सप्ताहाच्या फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, नौदलातली कुटुंबं मुलांना घेऊन येतात, खाजं घेतात, दामोदराला नारळ ठेवतात. दुसरीकडे विमानतळाच्या परिसरात घरावर मजला चढवायचा तर उंचीसाठी नौदलाचं ना-हरकत पत्र लागतं आणि त्या पत्रासाठी माणूस किती चकरा मारतो ते त्यालाच ठाऊक. नौदलाबद्दल आदर आहे. कुरकूरही आहे. दोन्ही एकाच तोंडातून निघतात आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

2021 च्या ऑगस्टमधली सां जासिंतो बेटाची गोष्ट आठवून पाहा. जुवारी नदीतलं हे इवलंसं बेट चिखली गावचं. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त देशभरातल्या बेटांवर तिरंगा फडकवायचा नौदलाचा कार्यक्रम होता. बेटावरच्या रहिवाशांनी हरकत घेतली. महाबंदरांसंबंधीचा नवा कायदा नुकताच झाला होता. आज झेंडा लावतील, उद्या बेटच ताब्यात घेतील, ही त्यांची भीती होती. नौदलाने कार्यक्रम रद्द केला, मुख्यमंत्र्यांनी कडक शब्दांत समज दिली, दूरचित्रवाणीवर ‘तिरंग्याला विरोध’ असे मथळे झळकले, आणि शेवटी स्थानिकांच्या उपस्थितीत झेंडा फडकला. मथळ्यांमुळे झालं काय, तर जमिनीचा प्रश्न देशभक्तीच्या प्रश्नाखाली गाडला गेला. बेटवाल्यांची भीती खरी की खोटी हे कुणी तपासलं नाही. कागद दाखवून ती घालवता आली असती.

गोव्याने फौजी माणसाला सत्तेत पूर्वीही पाहिलंय, पण तो मतपेटीतून क्वचित आला. पोर्तुगीजांचे शेवटचे दोन्ही गव्हर्नर जनरल, बेनार्द गेदीश आणि वासालो इ सिल्वा, लष्करी अधिकारीच होते. शेवटचा माणूस मरेपर्यंत लढा, हा पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारचा हुकूम वासालो इ सिल्वा यांनी मानला नाही आणि शरणागती पत्करली. त्याबद्दल पोर्तुगालने त्यांना सैन्यातून काढून टाकलं, आणि 1974 च्या क्रांतीनंतर परत घेतलं. आज्ञा मोडून गोव्याचा विध्वंस टाळणारा तो सैनिक गोमंतकीयांच्या आठवणीत सालाझारपेक्षा कितीतरी वरच्या जागी आहे. त्याआधीचं उदाहरण 1895 चं. गोव्यातल्या पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला धाडायचं ठरलं, त्यांनी जायला नकार दिला, बंड झालं, आणि सत्तरीचे दादा राणे त्यात उतरले. आपल्याकडे सैनिक लोकांच्या लक्षात राहिला तो बहुधा ‘नाही’ म्हणाल्यामुळे.

1961 च्या मुक्तीनंतर मेजर जनरल के. पी. कँडेथ हे लष्करी गव्हर्नर झाले आणि 1962 च्या जूनपर्यंत कारभार त्यांच्या हाती राहिला. 1979 मध्ये ताईंचं सरकार कोसळलं तेव्हा राष्ट्रपती राजवटीत सूत्रं आली ती नायब राज्यपाल कर्नल प्रतापसिंग गिल यांच्याकडे. आणि 1999 मध्ये लेफ्टनंट जनरल जेकब.

जेकब यांच्यापाशी जरा थांबायला हवं. 1971 च्या ढाक्याच्या शरणागतीच्या वाटाघाटी ज्यांनी केल्या तेच हे. निवृत्तीनंतर ते भाजपमध्ये गेले, 1998 मध्ये गोव्याचे राज्यपाल झाले, आणि 1999 च्या फेब्रुवारी ते जून या काळात राष्ट्रपती राजवट असल्यामुळे राज्याची सगळी किल्ली त्यांच्या खिशात होती. नव्वदच्या दशकात गोव्यातल्या आमदारांनी पक्षांतराचा जो बाजार मांडला होता तो ज्यांनी पाहिला, त्यांना ते चार महिने फार सुखाचे वाटले. अजूनही पणजीत जुनी माणसं म्हणतात, ‘‘तसो एक मनीस जाय.’’ तसा एक माणूस हवा.

त्या चार महिन्यांत झालेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्यं. दोन्ही मिळून चारशे चौरस किलोमीटरच्या वर जंगल. निवडून आलेल्या सरकारने हे केलं असतं का? मला नाही वाटत. सत्तरी आणि सांगेत खाणींचे परवाने होते, त्यामागे पैसा होता, पैशामागे आमदार होते. जेकब यांच्यामागे मतदारसंघच नव्हता, म्हणून त्यांची सही झाली. आज म्हादईच्या खोऱ्यात जे रान उभं आहे त्याचं श्रेय त्या सहीला द्यावंच लागेल.

पण त्याच सहीचा दुसरा परिणाम सत्तरीतल्या गावांना विचारा. काजूच्या बागा, कुमेरीच्या म्हणजे डोंगरउतारावर रान तोडून केलेल्या शेतीच्या जमिनी, पिढ्यान्‌पिढ्या कसलेले तुकडे अभयारण्याच्या रेषेत आले. हक्क ठरवायचं काम मागाहून होईल असं म्हटलं गेलं. मागाहून म्हणजे केव्हा? वनहक्क कायदा 2006 मध्ये आला, दावे दाखल झाले, फायली फिरत राहिल्या. 2020 च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात गोळावलीजवळ चार वाघ विषाने मारले गेले. हे कृत्य कोणत्याच सबबीने धुऊन निघायचं नाही. तरीही ज्या गावात गुरं मारल्याची भरपाई वेळेवर मिळत नाही आणि पायाखालची जमीन आपली की सरकारची हे वीस वर्षं कळत नाही, तिथे वाघ शत्रू होऊन बसतो, हेही खरं. 2023 च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा सत्तरीत पुन्हा तीच अस्वस्थता उसळली. 1999 मध्ये न झालेली बैठक 2023 मध्ये रस्त्यावर भरली, असं मी म्हणेन.

‘एकदा मिलिटरीच्या ताब्यात द्या, सगळं सरळ होईल’ हे वाक्य आपल्याकडे चहाबरोबर फुकट मिळतं. जेकब यांच्या कारकिर्दीने त्याची दोन्ही टोकं दाखवली. हुकूम देणाऱ्याला जे जमतं ते लोकप्रतिनिधीला जमत नाही, हे खरं. आणि हुकुमानंतर जे उरतं, म्हणजे माणसांना बसवून, त्यांच्या शिव्या खाऊन, सातबारा नाही तर मग फॉर्म एक-चौदा (गोव्यातला जमिनीचा उतारा) उघडून वाद मिटवणं, ते हुकूम देणाऱ्याच्या दौतीत नसतं. खासदाराचं काम बहुतेक याच दुसऱ्या प्रकारचं. वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी, लोकसभेतले प्रश्न, समित्या, मंत्रालयांचे उंबरठे. यात ‘सावधान’ म्हणून कुणी सावधान उभं राहत नाही.

आता त्या गाजलेल्या विधानाकडे. 2024 च्या एप्रिलमध्ये प्रचारात विरियातो यांनी दुहेरी नागरिकत्वाच्या मागणीबद्दल बोलताना, मुक्तीनंतर भारताची राज्यघटना गोमंतकीयांवर लादली गेली, आपलं भवितव्य ठरवताना आपल्याला विचारलं नाही, अशा आशयाचं काही सांगितलं. पंतप्रधानांनी छत्तीसगडमधल्या सभेत ते उचललं, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी माफीची मागणी लावून धरली, आणि दोन दिवसांत एका माजी नौदल अधिकाऱ्यावर राज्यघटनेच्या अपमानाचा आणि देश तोडण्याच्या भाषेचा आरोप देशभर पसरला.

यातली गंमत अशी की एरवी गणवेशाचा सर्वांत जास्त जप करणाऱ्या पक्षाला इथे गणवेशाचं काही वाटलं नाही, आणि एरवी ‘सैन्याला राजकारणात ओढू नका’ म्हणणाऱ्या पक्षाने उमेदवाराचा हुद्दा फलकांवर ठळक छापला होता. सैनिकांची छायाचित्रं प्रचारात वापरू नका, अशी सूचना निवडणूक आयोगाने 2013 मध्ये दिली, बालाकोटनंतर 2019 मध्ये पुन्हा दिली. माजी अधिकाऱ्याने स्वतःचा हुद्दा लावण्यावर मात्र बंदी नाही. असावी असंही मी म्हणणार नाही. ज्याने तो कमावला त्याचा तो आहे. पण मतदाराने तो वाचावा कसा, हे मतदाराच्या हातात आहे.

विधान चुकीचं होतं, असं माझं मत. बारावी घटनादुरुस्ती 1962 मध्ये झाली आणि गोवा, दमण, दीव भारताच्या नकाशात रीतसर आले, त्याआधी कुणी मतदान घेतलं नव्हतं, हे मान्य. सुरुवातीला लोकसभेत आपले दोन प्रतिनिधी राष्ट्रपतींनी नियुक्त केले, निवडून नव्हते आले, हेही मान्य. पण पुढे काय झालं? 1963 च्या डिसेंबरमध्ये पहिली निवडणूक झाली. दिल्लीत सत्ता काँग्रेसची, सैन्य पाठवलं नेहरूंच्या सरकारने, आणि गोमंतकीयांनी काँग्रेसला गोव्यात एकही जागा दिली नाही. तिला मिळाली ती एक दमणची. महाराष्ट्रवादी गोमंतक म्हणजे मगो पक्षाला 14, युनायटेड गोवन्सला 12. ज्यांच्यावर काही लादलं गेलंय ती माणसं दोनच वर्षांत, लादणाऱ्याच्याच कायद्याखाली, लादणाऱ्याचा असा फडशा पाडतात? आणि 1967 च्या 16 जानेवारीला तर सरळ विचारलंच. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं. 1,72,191 मतं संघप्रदेशाच्या बाजूला, 1,38,170 विलीनीकरणाच्या. स्वतंत्र भारतात अशा प्रश्नावर कौल देण्याची संधी आणखी कुठल्या प्रदेशाला मिळाली? विचारलं नाही, ही तक्रार 1961 पुरती खरी आहे. तीच पुढच्या साठ वर्षांवर ताणली की ती खोटी होते.

टीकाकारांनी कॅप्टनना हे उत्तर द्यायला हवं होतं. 1963 चे आकडे, 1967 चे आकडे, बस्स. त्याऐवजी त्यांची निष्ठाच तपासायला काढली. का? कारण आकड्यांचं उत्तर दिलं की मूळ प्रश्नावर बोलावं लागतं, आणि मूळ प्रश्न अडचणीचा आहे.

तो असा. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला, आणि त्याच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाची वाट खुली ठेवतो. लिस्बनमधल्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद केली की ती वाट सुरू होते. हजारो गोमंतकीय त्या वाटेने गेले; ब्रेक्झिटपूर्वी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला, स्विंडनसारख्या शहरांत, जाऊन राहिले. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मग पासपोर्ट परत करायचा की तो रद्द होतो, आणि रद्द झाला तर परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळतं की नाही, या घोळात घरंच्या घरं अडकली. 2024 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन निवडणुकीच्या तोंडावर, परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट रद्द झाल्याचं पत्रही त्या कार्डासाठी चालेल अशी सवलत दिली. प्रश्न खोटा असता तर सवलत कशाला दिली असती? आणि हे फक्त दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती घरांचं दुखणं आहे, असंही समजू नये. लिस्बनच्या कार्यालयाला धर्माशी देणंघेणं नाही, आणि पोटाला तर मुळीच नाही.

नागरिकत्वाचा हा वाद नवाही नाही. फादर मोंतेरो नावाच्या धर्मगुरूंनी मुक्तीनंतर पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखण्याचा पर्याय घेतला आणि राहण्याचा परवाना काढायला नकार दिला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला, गोवा भारताचा भाग कसा झाला ते तपासलं, निकाल दिला. 1974 च्या 31 डिसेंबरला पोर्तुगालनेही करार करून भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. प्रश्न असे सुटतात. कुणाला देशद्रोही म्हटल्याने त्यातला एकही सुटला नसता.

आता आपल्याकडे येतो. 1967 मध्ये विलीनीकरणाच्या बाजूने मत देणारे 1,38,170 लोक कोण होते? त्यातले बहुसंख्य आपलेच आई-बाप, आजे-पणजे. ते हरले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांना ऐकून घ्यावं लागलं की तुम्ही खरे गोंयकार नव्हेत, तुमचं मन सह्याद्रीच्या पलीकडे आहे. 1985 ते 87 च्या राजभाषेच्या आंदोलनात तर मराठीची बाजू घेणाऱ्या माणसाच्या गोंयकारपणावर भर चौकात शंका घेतली गेली. दोन्ही बाजूंनी वाईट बोललं गेलं, 1986 च्या डिसेंबरात माणसं मेली. घरात कोंकणी बोलणारा, देवळात मराठी अभंग म्हणणारा, मराठी वर्तमानपत्र वाचणारा माणूस स्वतःच्याच गावात संशयित ठरला. विलीनीकरण हे एक राजकीय मत होतं, चूक असेल, बरोबर असेल. पण ते बाळगणारा माणूस या मातीचा वैरी नव्हता. हे समजावून सांगता सांगता आपल्या मागच्या पिढीचे केस पांढरे झाले.

त्या घरांतली मुलं आज मोबाइलवर कुणाच्या तरी देशनिष्ठेची परीक्षा घेताना दिसतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही, नवल वाटतं. सां जासिंतोचे लोक देशद्रोही, दुहेरी नागरिकत्व मागणारे देशद्रोही, आणि त्याबद्दल बोलणारा नौदलाचा अधिकारी तर ‘मीठ खाऊन...’ वगैरे. आपल्या आजोबांवर नेमका हाच छाप मारला जात होता, फक्त देशाच्या जागी गोवा होता.

उलट बाजूनेही तेच. विरियातो यांच्या समर्थकांपैकी अनेकांनी टीका थोपवायला कारगिल पुढे केलं. ज्याने देशासाठी सेवा केली त्याला तुम्ही शिकवणार? शिकवणार, का नाही? सेवेबद्दल आभार मानून पुढच्या वाक्यात त्याच्या विधानाची चिरफाड करता येते. गोव्याच्या राजकारणात संरक्षण खात्याशी ज्याचं नाव सर्वांत घट्ट जोडलं गेलं तो माणूस कधी गणवेशात नव्हता. पर्रीकर आयआयटीचे इंजिनिअर. ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ जाहीर झालं ते त्यांच्या कारकिर्दीत, 2015 च्या सप्टेंबरमध्ये. पुण्याचे सुरेश कलमाडी हवाई दलाचे वैमानिक होते, दोन युद्धांच्या काळात सेवेत होते. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचं वादळ उठलं तेव्हा ती सेवा कुणाला आठवली? आठवायचं कारणही नव्हतं. शेजारच्या सिंधुदुर्गाने 1991 मध्ये ब्रिगेडियर सुधीर सावंत यांना लोकसभेवर पाठवलं, आणि 1996 मध्ये त्याच राजापूर मतदारसंघाने सुरेश प्रभू हा चार्टर्ड अकाउंटंट निवडला. घरटी फौजी असलेल्या त्या जिल्ह्याला हुद्द्याचा मान राखूनही मत दुसरीकडे देता आलं.

आपल्या पेडण्यातल्या केरीचे जिवबादादा केरकर महादजी शिंद्यांचे बक्षी, म्हणजे सेनापती, झाले आणि 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत नाव कमावून गेले. आपल्याला त्यांचा अभिमान आहे, असावा. पण केरीच्या पंचायतीचा पंच निवडताना कुणी खर्डा काढत नाही.

2024 च्या निकालाचा अर्थही हुद्द्याने लागत नाही. एका बाजूला पती-पत्नी मिळून सुमारे 1400 कोटींची मालमत्ता जाहीर करणाऱ्या उमेदवार, दुसऱ्या बाजूला आंदोलनांतून आलेला माणूस. सासष्टीतली एकगठ्ठा नाराजी. ख्रिस्ती मतदारांची दिल्लीबद्दलची धास्ती. कॅप्टन नसते, साधे विरियातो असते, तरी निकाल फार वेगळा लागला असता असं मला वाटत नाही. गणवेशाने मतं किती आणली कुणी सांगू शकत नाही. प्रचारात त्यांचं कोळशाबद्दलचं बोलणं मात्र वास्कोत लोक थांबून ऐकत होते. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की काळं होतं, त्या घरातला माणूस ऐकणारच.

मग फौजेतून आलेल्या माणसाकडून आपण काही वेगळं मागूच नये का? मागावं. एक गोष्ट मागावी, आणि ती वास्कोच मागू शकतं.

दाबोळी. धावपट्टी नौदलाची, नागरी विमानं तिथे पाहुणी. वर्षानुवर्षं आठवड्यातले पाच दिवस सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव राहिले आणि नागरी उड्डाणं त्याच्या आगेमागे बसवली गेली. उत्तर गोव्यातला मोपाचा नवा विमानतळ बांधायच्या समर्थनात हेच कारण दिलं गेलं. 5 जानेवारी 2023 ला मोपातून उड्डाणं सुरू झाली. दाबोळी बंद होणार नाही, असं सरकार सांगत राहिलं. 2024 च्या जूनमध्ये कतार एअरवेजने आपलं विमान दाबोळीतून मोपाला नेलं. चिखली, बोगमाळो, वास्कोतल्या टॅक्सीवाल्यांना, लॉजवाल्यांना, विमानतळावर सामान उचलणाऱ्यांना पुढचं दिसतंय. यात दोष नौदलाचा आहे असं मी म्हणत नाही. त्यांचं काम देशाच्या संरक्षणाचं, आणि धावपट्टी त्यांना हवीच. पण शहराचं हित आणि नौदलाची गरज इथे एकमेकांना घासतात, आणि त्या घासण्याची खबर दोन्ही बाजूंनी असलेला माणूस योगायोगाने आपला खासदार आहे.

नौदलात असताना ज्या कुंपणाच्या आत होतो त्याबद्दल कुंपणाच्या बाहेरून प्रश्न विचारायला जीभ रेटते का? सराव दुसऱ्या वेळी हलवता येईल का, उंचीच्या ना-हरकत पत्राला ठराविक मुदत घालता येईल का, सां जासिंतोच्या रहिवाशांना जमिनीबद्दल लेखी काही देता येईल का. यातला प्रत्येक प्रश्न लोकसभेत संरक्षण मंत्रालयाला लेखी विचारता येतो. उत्तर येतं, ते छापलं जातं. अधिकारी म्हणून राहिलेल्या माणसाला फाईल कुठे अडते ते आपल्यापेक्षा जास्त कळतं; जहाजावर पहाऱ्याच्या वेळी घडलेलं सगळं नोंदवहीत उतरवायची सवय त्याच्या हाताला असते. ती सवय त्याने खासदार म्हणून वापरावी, दर अधिवेशनानंतर काय विचारलं नि काय उत्तर आलं ते घेऊन चिखलीच्या ग्रामसभेत यावं, आणि तिथला गोंगाट सहन करावा. ग्रामसभेत ‘‘आमकां ऑर्डरी दिवंक येयला’’ असं कुणीतरी ओरडणारच. ते ऐकून बसून राहणं हे नौदलात शिकवत नसावेत.

2027 च्या विधानसभेची तयारी सगळ्याच पक्षांची सुरू आहे. मुरगाव, वास्को, दाबोळी, कुठ्ठाळी, चार मतदारसंघ आमच्या तालुक्यात. निवृत्त अधिकाऱ्यांना गळ घालणं होईलच. आणखी कुणी कॅप्टन, कर्नल, कमांडर पत्रकांवर दिसले तर आश्चर्य नको. छापू देत हुद्दा. पत्रक उलटं करून मागच्या बाजूला दाबोळीबद्दल, कोळशाबद्दल, खारीवाड्याच्या मच्छीमारांबद्दल काय लिहिलंय ते वाचावं, आणि काही लिहिलेलं नसेल तर तिथल्या तिथे, फुटपाथवरच, उमेदवाराला विचारावं.